वकिलाविरुद्धचा वकील कुठाय?

एसटीत कोणी तुमचं पाकीट मारलं आणि चोर सापडला, तर त्याच्याविरुद्धचा खटला तुम्हाला चालवावा लागत नाही. तुम्ही फक्त साक्षीदार. तारखेला जायचं, "हेच ते पाकीट" म्हणायचं, चहा पिऊन घरी यायचं. बाकीचं एपीपी, म्हणजे सहायक सरकारी वकील, बघतो, त्याला सरकार पगार देतं. मामला सेशन कोर्टाचा असेल तर पब्लिक प्रॉसिक्युटर (पीपी), आणि त्याला कायद्यानेच किमान सात वर्षांची वकिली लागते, स्पेशल पीपी नेमायचा तर दहा वर्षांची. हे आधी सीआरपीसीत, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसच्या कलम १८ मध्ये आहे.

आता समजा पाकीटमाराऐवजी तुमच्याच वकिलाने तुमचे पैसे खाल्ले, किंवा समोरच्या पार्टीशी संधान बांधलं, आणि तुम्हाला वाटलं की याची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, गेली पाहिजे. तर? फौजदारी करायची तर पोलीस स्टेशन आहे, ते वेगळं. पण सनदेचा विषय फक्त बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्याच नियामक संस्थेकडे. आणि तिथे खटला चालवायचा कोणी, तर तुम्ही. तक्रार तुम्ही लिहायची, ॲफिडेव्हिट तुम्ही करायचं, कागद तुम्ही जमवायचे, साक्षीदार तुम्ही आणायचे, आणि समोर जो बसलाय त्याचा धंदाच उलटतपास घेण्याचा आहे.

मी स्वतः वकील आहे, तालुका कोर्टात वीसेक वर्षं काढलीत, त्यामुळे हे लिहिताना बार रूममधले चेहरे डोळ्यासमोर येतायत. येऊ देत.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या गावातल्या एक काकू माझ्याकडे आल्या होत्या, आईच्या ओळखीच्या. नवरा अपघातात गेला, क्लेम लागला, साडेचार लाखांच्या आसपास रक्कम मंजूर झाली, आणि काकूंच्या हातात आले एक लाख वीस हजार. बाकीचे "खर्चात गेले". खातं त्यांच्याच नावावर होतं, वकिलानेच सोबत जाऊन उघडलं होतं, आणि त्याच दिवशी चार-पाच विड्रॉल स्लिपांवर सह्या घेऊन ठेवल्या होत्या, "परत परत यायला नको काकू" म्हणून. पासबुक दोन वर्षांनी भरून घेतलं तेव्हा कळलं. त्या मला म्हणाल्या, "भाऊ, तू उभा राहा माझ्याकडून." मी नाही म्हटलं. त्याचं माझं एकच कोर्ट, एकच बार, रोज समोरासमोर टेबल, कधी मी बाहेरगावी असलो तर माझी तारीख तोच घेणार. मी म्हटलं, तक्रार लिहून देतो, सोबत येतो, पण वकीलपत्र टाकत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी दोघांना विचारलं, त्यांनीही मान हलवली. हे मी कौतुकाने सांगत नाहीये.

तर बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीपुढे मी सोबत गेलो, मागच्या बाकावर बसलो, नुसता सोबत आलेला माणूस म्हणून. समितीतली माणसं सभ्य होती, काकूंना बसायला खुर्ची दिली, मराठीत बोलले. उलटतपास घ्यायला समोरून एक नावाजलेले सीनिअर उभे राहिले. त्यांनी स्लिपा एकेक करून काकूंच्या पुढे धरल्या. ही सही तुमचीच ना? हो. ही पण? हो. सही करताना कोणी धाकदपटशा केला का? नाही. तुम्हाला सही करता येते, म्हणजे वाचताही येतं ना? थोडं थोडं. झालं, संपलं, दहा मिनिटांत सव्वातीन लाखांचा विषय "सही मान्य आहे" एवढ्या ओळीत जाऊन बसला.

कुठल्याही दोन वर्षं ट्रायल केलेल्या पोराला इथे काय करायचं ते माहीत असतं. उलटतपासानंतर आपल्या साक्षीदाराला परत विचारता येतं, त्या फेरतपासात एकच प्रश्न विचारायचा, सही केली तेव्हा स्लिपवर आकडा लिहिलेला होता का? मग बँकेकडून मूळ स्लिपा मागवायच्या, आकडा कोणाच्या हस्ताक्षरात आहे ते दाखवायचं, पैसे काढणाऱ्याने मागच्या बाजूला सही केली असेल तर ती निशाणीला आणायची, म्हणजे पुराव्यात नोंदवून घ्यायची. काकूंना कुठून माहीत असणार की असा प्रश्न असतो आणि तो विचारायची एक वेळ असते, ती गेली की गेली. मला माहीत होतं. मी मागे बसून होतो आणि माझं वकीलपत्र नव्हतं. (प्रकरण अजून अपिलात आहे म्हणून निकालाबद्दल बोलत नाही.)

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे की आपल्या शिस्तपालनाच्या सगळ्या यंत्रणेत न्यायाधीशाची खुर्ची आहे, आरोपीची आहे, तक्रारदाराची आहे, पण प्रॉसिक्युटरची नाहीच. आणि ती जोवर नाही तोवर बाकीच्या सुधारणा म्हणजे गळक्या घराला रंग.

कायदा काय म्हणतो ते बघू. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१. कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलला तक्रारीवरून किंवा स्वतःहून, वकिलाने गैरवर्तन केलंय यावर "विश्वास ठेवायला कारण आहे" असं वाटलं तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं. समितीत तिघे, दोन कौन्सिलचे निवडून आलेले मेंबर आणि एक बाहेरचा अनुभवी वकील. शिक्षा काय, तर ताकीद, काही काळ निलंबन, नाहीतर सनद रद्द. वर्षभरात निकाल लागला नाही तर कलम ३६ब प्रमाणे प्रकरण आपोआप बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे दिल्लीला. वाचायला छान वाटतं, वर्षाची मुदत. पण ज्या काकूंना तालुक्याला यायचं तर दोन वडाप बदलावे लागतात त्यांच्यासाठी हा दिलासा आहे की शिक्षा? आणि तारखा मागून वर्ष घालवायचं कोणाच्या सोयीचं आहे ते सांगायला नको. २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने याच तुंबलेल्या प्रकरणांवर बोट ठेवलं आणि सुचवलं की अनुभवी वकील, निवृत्त न्यायिक अधिकारी यांना चौकशी अधिकारी म्हणून घ्या. चांगलं आहे, पण तोही परत न्यायाधीशाच्या बाजूचा माणूस झाला, बाजू मांडणारा नाही.

त्यात पुरावा किती लागतो? कोर्टांनी म्हणून ठेवलंय की ही कारवाई निम-फौजदारी स्वरूपाची आहे, नुसत्या शक्याशक्यतेवर कोणाची सनद घेता येणार नाही, संशयाचा फायदा वकिलाला. मला हे मान्य आहे, सनद म्हणजे माणसाची भाकरी आहे. पण मग फौजदारी तोडीचा पुरावा मागता तर फौजदारी तोडीचा प्रॉसिक्युटर पण द्या की. एका हाताने मापदंड उंच करायचा आणि दुसऱ्या हाताने शिडी काढून घ्यायची याला काय अर्थ आहे.

गंमत म्हणजे आपल्या कायद्यात असा माणूस जवळजवळ होता. कलम ३५ म्हणतं की सुनावणीची नोटीस संबंधित वकिलाला द्या आणि राज्याच्या ॲडव्होकेट जनरललाही, म्हणजे राज्य सरकारच्या मुख्य वकिलालाही द्या, आणि ॲडव्होकेट जनरल स्वतः किंवा त्यांच्या वतीने कुठलाही वकील समितीपुढे हजर राहू शकतो. ही तरतूद शोभेची नव्हती, निदान महाराष्ट्रात तरी एका माणसाने ती मनावर घेतली होती. एच. एम. सिरवाई, १९५७ पासून १९७४ पर्यंत राज्याचे ॲडव्होकेट जनरल. एका वकिलाला राज्याच्या समितीने सोडून दिलं, सिरवाईंना ते पटलं नाही, त्यांनी बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील केलं आणि जिंकले. तो वकील सुप्रीम कोर्टात गेला आणि १९७० मध्ये बहुमताने निकाल आला की ॲडव्होकेट जनरल हे काही "पीडित व्यक्ती" नाहीत, त्यांना अपिलाचा हक्कच नाही. म्हणजे अख्ख्या व्यवस्थेत जो एक माणूस सार्वजनिक हिताच्या बाजूने उभा राहिला त्यालाच सांगितलं, तुझं काय नुकसान झालंय? संसदेला हे पटलं नसावं, १९७३ ची दुरुस्ती आली आणि ॲडव्होकेट जनरल आणि केंद्राचे मुख्य वकील ॲटर्नी जनरल यांना अपिलाचा हक्क कायद्यात लिहून दिला गेला.

मग १९७५. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर, लॉ कॉलेजात प्रत्येकाने रट्टा मारलेली केस. मुंबईत एस्प्लनेडच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाबाहेर काही वकील उभे राहायचे, पक्षकार दिसला की धावत जायचे, हातातले कागद ओढायचे, एकमेकांच्या फीपेक्षा कमी फी सांगायचे, बस स्टँडवर रिक्षावाले करतात तसं. राज्याच्या समितीने दोषी धरलं, दिल्लीने सोडलं, बार कौन्सिल सुप्रीम कोर्टात गेली. पुन्हा तोच प्रश्न, तुम्ही कोण? या वेळी सात न्यायाधीशांचं बेंच बसलं आणि त्यांनी सांगितलं की बार कौन्सिल नुसती निकाल देणारी संस्था नाही, ती पेशाच्या प्रतिष्ठेची राखणदार आहे, तिला अपिलाचा हक्क आहे. परीक्षेत आपण एवढंच लिहितो आणि पुढे जातो. पण याचा अर्थ काय होतो बघा, वकिलाविरुद्धची केस ही मुळात तक्रारदाराची नाहीच, ती पेशाची आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतही तेच आहे, तक्रारदाराने माघार घेतली, तडजोड केली, एवढ्याच कारणावरून चौकशी बंद करता येत नाही. मग केस पेशाची आहे तर ती पेशाच्या वतीने चालवतो कोण? पन्नास वर्षं झाली, तो माणूस काही नेमला गेला नाही. कागदावर बार कौन्सिल राखणदार आणि प्रत्यक्षात राखण करायला काकू, पासबुक घेऊन.

१९७० मध्ये इकडे सिरवाई हरले, त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांच्या समितीने तिथल्या बार असोसिएशनला अहवाल दिला की वकिलांच्या शिस्तीची व्यवस्था अक्षरशः लाजिरवाणी आहे. फरक एवढाच की तिथे त्यानंतर हळूहळू पगारी, पूर्णवेळ प्रॉसिक्युटर आले, त्यांना डिसिप्लिनरी कौन्सेल म्हणतात, त्याचं कामच वकिलांविरुद्ध केस चालवणं. कॅलिफोर्नियात तर चीफ ट्रायल कौन्सेल म्हणून पद आहे, चार वर्षांची मुदत, किमान पाच वर्षांची वकिली, प्रॉसिक्युशनचा किंवा तशा कामाचा अनुभव, खासगी प्रॅक्टिस पूर्ण बंद, आणि नेमणुकीला राज्याच्या सिनेटची मंजुरी. १९८९ पासून तिथे अशा केसेस ऐकायला पूर्णवेळ न्यायाधीशही आहेत.

लगेच कोणी म्हणेल, वा, अमेरिकेचं कौतुक. थांबा. त्याच कॅलिफोर्नियात टॉम जिरार्डी नावाचा बडा वकील होता. २०१८ मध्ये इंडोनेशियात लायन एअरचं विमान समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली, त्यातल्या काही कुटुंबांचे नुकसानभरपाईचे पैसे या माणसाने दाबले. २०२२ मध्ये सनद गेली, २०२५ मध्ये दुसऱ्या पक्षकारांचे पैसे खाल्ल्याबद्दल सात वर्षांहून जास्त कैद झाली. आणि तिथल्या स्टेट बारने स्वतःच कबूल केलं की चाळीस वर्षांत त्याच्याविरुद्ध २०५ तक्रारी आल्या होत्या. दोनशे पाच! प्रॉसिक्युटर होता, ऑफिस होतं, पगार होता, आणि तरी काही नाही, कारण जिरार्डीचे आतल्या लोकांशी संबंध होते, जेवणं, पार्ट्या, भेटी. म्हणजे खुर्ची असून भागत नाही, खुर्चीतला माणूस कोणाचा मिंधा आहे हे बघावं लागतं. मला तर त्या प्रकरणातून हेच दिसतं की पात्रता म्हणजे नुसती वर्षं मोजणं नव्हे.

वर्षं हवीतच, दहा तरी, आणि ती ट्रायलची, नुसती तारखा घेण्याची नाहीत. उलटतपास घेता आला पाहिजे आणि, हे कोणी बोलत नाही, हिशोब वाचता आला पाहिजे, कारण वकिलांविरुद्धच्या गंभीर तक्रारी शेवटी पैशावरच येतात, पक्षकाराचे पैसे कुठल्या खात्यात आले, कधी निघाले, फी किती ठरली होती, पावती आहे का. पण त्याहून महत्त्वाचं, हा माणूस बारच्या राजकारणात नको. आपल्याकडे बार कौन्सिलची निवडणूक कशी होते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, तालुक्या-तालुक्याच्या बार रूममध्ये हात जोडून फिरणं, पसंतीक्रमाची मतं, "दुसऱ्या नंबरचं तरी आम्हाला द्या साहेब". ज्याला उद्या मतं मागायचीत त्याने आज मतदाराची सनद मागायची, ही अपेक्षाच चुकीची आहे, माणूस वाईट असतो म्हणून नाही, माणूस माणूस असतो म्हणून. तेव्हा आधी पाच वर्षं आणि नंतर पाच वर्षं कुठलीही बारची निवडणूक नाही, खासगी प्रॅक्टिस नाही, आणि स्वतःच्या जिल्ह्यातली केस नाही. हे शेवटचं मी अनुभवावरून सांगतोय, मला माझ्याच कोर्टातल्या माणसाविरुद्ध उभं राहता आलं नाही.

आणि कर्तव्यं? पहिलं कर्तव्य तक्रारी फेकून देण्याचं. हो, फेकून देण्याचं. केस हरलेला पक्षकार समोरच्या वकिलावर राग काढतो, हे आपण रोज बघतो. २०२५ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवालाच पन्नास हजारांचा खर्च बसवला, का, तर समोरच्या पक्षाच्या वकिलाविरुद्धची बिनबुडाची तक्रार नीट कारणं न लिहिता समितीकडे पाठवली म्हणून. त्या वकिलाने काही वर्षं नाहक डोक्यावर टांगती तलवार घेऊन काढली. तक्रार आल्यावर पक्षकाराशी बोलून, कागद मागवून, "यात दम आहे" किंवा "यात काही नाही" असं सहीनिशी लिहिणारा कोणी जबाबदार माणूस असता तर ती तिथेच संपली असती. म्हणून बारमधल्या मित्रांना मी सांगतो, हा माणूस तुमच्या विरोधात नाही, प्रामाणिक वकिलाचा तोच पहिला आडोसा आहे. आरोपी वकिलाच्या फायद्याचा कागद हाती लागला तर तो लपवायचा नाही, समितीपुढे ठेवायचा, हेही त्याच्या कर्तव्यात लिहून ठेवा. सनद घालवणं हे त्याचं टार्गेट नको.

दुसरं, तक्रारदाराला फोन करून सांगायचं की पुढची तारीख काय आहे आणि त्यात काय होणार आहे. एवढंसं काम. काकू दोन वेळा उगाच जाऊन आल्या होत्या.

आता सगळ्यात मोठा आक्षेप, आणि तो खोटा नाही. सरकार घुसेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲडव्होकेट्स ॲक्टच्या दुरुस्तीचा मसुदा आला, त्यात बार कौन्सिल ऑफ इंडियावर केंद्राने नेमलेले मेंबर होते, संपावर बंदी होती, देशभर वकील रस्त्यावर आले आणि सरकारने मसुदा मागे घेतला. मीही त्या दिवशी कामापासून लांब होतो आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. सरकारविरुद्ध केस लढणाऱ्याची सनद सरकारच्या माणसाच्या हातात जाता कामा नये. पण सरकार नको म्हणताना आपण काय म्हणतो, "आमचं आम्ही बघू". मग बघा ना. ग्राहक मंचाचं दार १४ मे २०२४ ला बंद झालं, सुप्रीम कोर्टाने सांगितलं वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, आपण सगळ्यांनी ग्रुपवर पेढे वाटले. ते दार बंद झालं म्हणजे पोलीस आणि दिवाणी कोर्ट सोडलं तर पक्षकाराला आपल्याच दाराशी यावं लागणार, आणि आपल्या दाराशी आल्यावर आपण त्याला म्हणतो, पुरावा आण आणि स्वतः सिद्ध कर.

पैशाचं काय, हा दुसरा प्रश्न, आणि याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सनदेची फी कायद्यात आहे तेवढीच घ्या म्हटलं, ओपनला ७५० रुपये, एससी-एसटीला १२५. बरोबरच केलं, गरिबाच्या पोराकडून हजारोंनी घेत होते. पण बार कौन्सिलांची कमाई त्यावर होती. तेव्हा पगारी माणसं नेमायची तर आपल्यालाच, चालू प्रॅक्टिस असलेल्यांना, वर्षाला काही वर्गणी भरावी लागेल. बार रूमच्या एसीला वर्गणी काढतो तशी.

आणि कायदा बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. कलम ३५ ची ती ॲडव्होकेट जनरलची तरतूद आजही जिवंत आहे, "त्यांच्या वतीने कुठलाही वकील". हायकोर्टाने आणि बार कौन्सिलने मिळून दहा-पंधरा जणांची यादी करावी, वर म्हटल्या तशा अटी घालाव्यात, आणि ॲडव्होकेट जनरलांनी त्या यादीबाहेरचा माणूस पाठवायचा नाही एवढं ठरवावं, म्हणजे सरकारचा हातही लांब राहील. नोटीस तर त्यांना तसंही जातेच.

अशी यादी निघाली तर मी अर्ज करणार आहे, दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यासाठी. बायको म्हणाली, मग बारमध्ये तुमच्याबरोबर चहाला कोण येईल. घरून थर्मास नेईन म्हटलं.